हाऊजी नको म्हणणारे शिष्ट नसतात

हाऊजी न खेळणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच समज आहेत. एकतर तो शिष्ट, नाहीतर वीस रुपयांना जड. त्याला हा खेळ खरोखरच आवडत नसेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या मनात येत नाही. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आवाज अजून खणखणीत आहे, त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गणपती असो, कोजागिरी असो की हळदीकुंकू, "बाई, नंबर तुम्हीच पुकारा" हे ठरलेलंच. मला ते सोयीचं पडतं. पुकारणाऱ्याला तिकीट घ्यावं लागत नाही.

पण त्या खुर्चीवरून हा खेळ जसा दिसतो तसा तो तिकीट हातात धरलेल्याला दिसत नाही. समोर साठ-सत्तर माणसं आणि सगळ्यांच्या माना खाली. कुणाच्या हातात पेन, कुणी आकड्यांवर टिकल्या चिकटवतंय. दोघी शेजारणी हळूच काही बोलायला लागल्या की मागून "शूऽऽ, नंबर ऐकू येत नाहीये!" बोलायचं तर एकच वाक्य, "आत्ता कितवा आला?" मध्येच कुणीतरी ओरडतं, सगळे त्याच्याकडे रागाने बघतात, बोगी, म्हणजे खोटा दावा, निघाली की खूश होतात आणि माना पुन्हा खाली. वर्षातून दोन-तीनदा गच्चीवर सगळे जमतात, त्यातला तासभर असा जातो. बी विंगमधले आजोबा घर विकून मुलाकडे कायमचे पुण्याला निघाले होते, हे मला नंतर लिफ्टमध्ये कळलं. कोजागिरीला ते माझ्यासमोर दुसऱ्याच रांगेत बसले होते, खालच्या लाइनचा शेवटचा आकडा येण्याची वाट बघत.

माझी मुख्य तक्रार ही आहे. हाऊजी एकत्र बसवते, पण एकत्र येऊ देत नाही.

यावर लगेच विचारलं जातं, की नशिबाचाच खेळ म्हणून एवढा राग असेल तर सापशिडीचं काय? सापशिडीतही अक्कल चालत नाही, हे खरं. पण तिथे सगळ्यांच्या सोंगट्या एकाच पटावर असतात. नातू नव्वदीच्या पुढे गेला आणि सापाने गिळला, की सगळं घर हसतं आणि तो रडकुंडीला येतो. तुमचं नशीब मला दिसतं, माझं तुम्हाला दिसतं. बदाम सातमध्ये तर एखादं पान मुद्दाम दाबून ठेवलं म्हणून दोन दिवस अबोलाही धरता येतो. हाऊजीत प्रत्येकाचा कागद वेगळा आणि तो ज्याचा त्यानेच बघायचा. शेजारच्याला अडवता येत नाही, मदत करता येत नाही, चिडवायलाही जागा नाही. नीट ऐकणं आणि वेळेवर ओरडणं सोडलं तर चांगलं खेळणं नाही आणि वाईट खेळणंही नाही. हरलो तेही आपल्या कर्तबगारीने नाही.

मग लोक दुसऱ्या राउंडलाही तिकीट का घेतात? इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने, म्हणजे २७ घरं. त्यातल्या १५ घरांत आकडे. पिशवीत १ ते ९०. एखाद्या तिकिटाचे पंधराच्या पंधरा आकडे निघायला सरासरी ८५ आकडे पुकारावे लागतात, म्हणजे पिशवी जवळजवळ रिकामी व्हावी लागते. पण शंभर तिकिटं खपली असतील, तर त्यातलं कुठलं तरी एक साधारण ६५ ते ७० आकड्यांतच फुल हाऊस होतं. त्या क्षणी बाकीच्यांच्या तिकिटांवर काय असतं? पंधरापैकी सरासरी अकरा आकडे खोडलेले. काहींचे बारा, काहींचे तेरा. म्हणून हाऊजी संपली की गच्चीभर एकच सूर, "माझे दोनच राहिले होते हो!" प्रत्येकाला वाटतं, बक्षीस हातचं निसटलं. निसटलं वगैरे काही नसतं, सगळ्यांचं तेवढंच भरलेलं असतं. पण या हुरहुरीवरच पुढची तिकिटं खपतात. जल्दी फाइव्ह, चार कोपरे, वरची लाइन, मधली लाइन ही बक्षिसं मध्ये पेरलेली असतात तीही याचसाठी, की कुणी उठून जाऊ नये. हे गणित एकदा दिसलं की तिकीट हातात घेऊन धडधड व्हावी, ती होत नाही. पत्त्यांच्या जादूतली युक्ती कळल्यावर जादू बघण्यात जी गंमत उरते, तेवढीच इथे उरते.

पुकारण्याची म्हणून एक वेगळीच कटकट असते. सत्तावन्न म्हटलं की मागचे सत्त्याण्णव ऐकतात. इंग्रजी माध्यमातली मुलं एकोणसत्तर ऐकून आईकडे बघतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. टीका करणाऱ्यांनी एक राउंड पुकारून बघायला हवा होता. शेवटी मीही "फाइव्ह अँड सेव्हन, फिफ्टी सेव्हन" यावर येते. ८८ ला 'टू फॅट लेडीज' म्हणायला मात्र मी साफ नकार देते. पहिल्या रांगेत कोण बसलंय ते मला दिसत असतं.

जुगार म्हणून मी या खेळाच्या मागे लागलेली नाही. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही आणि हाऊजीत कौशल्य शोधूनही सापडत नाही, हे खरंच. पण वीस रुपयांच्या तिकिटासाठी कायदा काढून बसायचा माझा स्वभाव नाही. फक्त सातवी-आठवीतली मुलं आईच्या पर्समधून तिसऱ्या तिकिटाचे पैसे काढताना बघितली की बरं वाटत नाही.

माझी धाकटी जाऊ हाऊजीवेडी आहे. ती मला म्हणाली, "ताई, दिवसभर सगळं डोक्याने करायचं. कुणाचा डबा, कुणाचं औषध, कुणाची फी. एक तास कुणीतरी आकडे सांगतंय आणि आपण नुसते खोडतोय, याचं सुख तुम्हाला नाही कळायचं." तिचा हा मुद्दा मला काही खोडता आलेला नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्यानंतर बिंगोचे, म्हणजे तिकडच्या हाऊजीचे, हॉल निघाले, ओस पडत चाललेली सिनेमा थिएटरं त्यासाठी वापरात आली, आणि तिथे गर्दी केली ती कामगार वस्त्यांतल्या बायकांनी. त्यांनाही बहुधा हेच हवं असेल. पण एक फरक आहे. त्या हॉलमध्ये बाई जायची ती बिंगो खेळायलाच जायची. आपण गच्चीवर आलेलो असतो कोजागिरीला, आणि मसाला दुधाआधी गळ्यात पडते हाऊजी.

का पडते, तेही उघड आहे. नाटुकलं बसवायचं तर महिनाभर तालमी. गाण्यांचा कार्यक्रम ठेवला तर पेटी-तबला कोण वाजवणार आणि कुणाला किती वेळ द्यायचा, यावरून रुसवेफुगवे. अंताक्षरीत दोन गट भांडतात. हाऊजीला लागतो तिकिटांचा एक गठ्ठा आणि एक खणखणीत आवाज. आकड्यांची पिशवीही आता लागत नाही, मोबाइलवरचं अॅप आकडे काढून देतं. साठ माणसं तासभर जागच्या जागी बसतात, कुणाची तक्रार नाही, वर वर्गणीत चार पैसे उरतात. हाऊजी कार्यकारिणीला आवडते, आणि तिची आवड आपण सगळ्यांची आवड समजून चाललो आहोत.

तेव्हा यंदाच्या कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांना विनंती. हाऊजी ठेवा, पण एकच राउंड, आणि तोही शेवटी, म्हणजे ज्यांना जायचंय ते जाऊ शकतील. पुकारलेला आकडा फळ्यावर मोठा लिहा, कमी ऐकू येणारे म्हातारे दर वेळी शेजाऱ्याला विचारून ओशाळतात. मुलांना तिकीट फुकट द्या आणि बक्षीस पैशात देऊ नका. आणि कुणी "मला नको" म्हटलं तर त्याच्या हातात बळेच तिकीट कोंबू नका. पुकारायला मी येईन.