फोनवरचा धीर आणि दारातला अन्याय

सेनगाव तालुक्यातला आपला मुलगा बारावीनंतर नांदेड, लातूर, पुण्याची वाट धरतो, तेव्हा आईबापाने उसनवारी करून दिलेले पैसे त्याच्या खिशात असतात. शिष्यवृत्ती रखडते, वसतिगृहात नंबर लागत नाही, आडनाव कळताच वर्गातल्या नजरा बदलतात. घरी सांगावे तर आई खचेल. मग त्याने सांगायचे कोणाला?

केंद्र सरकारचे उत्तर आहे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. २०२४ मध्ये तिचे मोबाईल ॲपही आले. आम्ही या सेवेचे स्वागतच करतो. मन दुखले म्हणजे माणूस वेडा झाला, ही समजूत आपल्याही वस्तीत आहे. ती सोडली पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने ही सेवा मिळणे हा हक्क ठरविला आहे. हक्क वापरण्यात लाज कसली?

परंतु घरात मोबाईल एकच आणि तोही वडिलांच्या खिशात, तिथे मुलीने कोणत्या कोपऱ्यात जाऊन बोलायचे? दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे; त्यात १,७६४ एवढी सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. पण रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात मागितली ती शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणारी यंत्रणा. फोनवरचा समुपदेशक धीर देईल. छळ करणाऱ्याची चौकशी करणे त्याच्या हातात नाही. अन्यायाला आजाराचे नाव देऊन संस्थेने हात झटकावेत, हे आम्हाला मान्य नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सुकदेब साहा प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लासेस व वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे. मदतीचे क्रमांक वर्गात व वसतिगृहात ठळक लावायचे. वंचित समाजघटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभावाविना वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक विहारात १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलामुलींना एकांतात बोलता येईल अशी एक खोली, एक फोन उपलब्ध करून द्या. त्याच आठवड्यात हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका : समिती नेमली का? तिच्या बैठका किती झाल्या? सेनगाव तालुक्यातील किती संस्थांत समुपदेशक आहे?

आपल्या लेकरांना धीर हवा आहेच. त्याहून आधी त्यांना न्याय हवा आहे.