जुना प्रिंटर फक्त भंगारातच जातो का?

हिंगोली असो की वसमत, जुना प्रिंटर भंगारात किलोवर विकला जातो. पण त्याच प्रिंटरचा स्कॅनरही होऊ शकतो!

१९८४ मध्ये अमेरिकेत थंडरस्कॅन आलं. अ‍ॅपलच्या इमेजरायटर प्रिंटरमधून शाईची रिबन काढायची, तिथे प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवायचा. हेड डावी-उजवीकडे फिरायचं, कागद पुढे सरकायचा आणि मॅकिंटॉशवर ओळीओळीनं चित्र तयार व्हायचं. वेळ खूप लागायचा, पण महागडा स्कॅनर घ्यावा लागत नव्हता.

हे जमलं कसं? कागद अचूक सरकवणारी यंत्रणा प्रिंटरमध्ये आधीच होती.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरही येतात. त्यात रिसायकलरसोबत जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी होते. म्हणून प्रिंटर वजनकाट्यावर ठेवण्याआधी विचारा: यातलं काय अजून चालतंय?