कुठले जाधव?

ज्या शेतकरी व बलुतेदार बंधूंच्या घरचे पोर यंदा शिकून मुंबईस नोकरीला निघाले आहे, त्यांनी हा मजकूर घरात मोठ्याने वाचावा. पोराला नोकरी लागली म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे समजून आपण पेढे वाटतो. पण मुंबईत नोकरीपेक्षा बिऱ्हाड मिळणे अवघड, आणि ते पैशापायी अडते तितकेच जातीपायीही अडते, हे गावी कोणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही आमच्या गावची दोन पोरे घेऊन मध्य रेल्वेच्या एका उपनगरात चार दिवस जिने चढलो. दोघांचेही आडनाव जाधव. एक मराठ्याचा, दुसरा बौद्धाचा. शाळेत एका बाकावर बसलेले, आता एकाच कंपनीत लागलेले, पगार सारखा, भाडे निम्मे निम्मे भरायची तयारी. दलालाने आधीच बजावले, "एक महिन्याचं भाडं माझं, अनामत मालक सांगेल ती. बाकी तो विचारील त्याचं सरळ उत्तर द्यायचं."

नोकरी पक्की आहे का, भाडे वेळेवर द्याल का, हे मालकाने खुशाल विचारावे. ज्याची खोली त्याला भाडे बुडण्याची धास्ती असणारच. पण पहिल्या दारी प्रश्न आला, "जेवण कसलं?" पोराने खरे सांगितले की रविवारी मटण असते. दार लागले. दुसऱ्या दारी विचारले, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" पोराने गावाचे नाव सांगितले. "तसं नव्हे हो. कुठले?" या 'कुठले'चा अर्थ आमच्या वाचकांस फोड करून सांगायला नको. जाधव, मोरे, पवार, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावाने मालकाचे भागत नाही, त्याला मुळापर्यंत उकरावे लागते. मुसलमान कारागिराचे तर नाव ऐकूनच दलाल पाठ फिरवतो, त्याला जिनाही चढावा लागत नाही.

शाकाहाराची अट घालणारा म्हणतो, हा माझ्या स्वयंपाकघराचा प्रश्न आहे, जातीचा नाही. ठीक आहे. मग आमच्या पोरांनी लिहून दिले की या घरात मांस शिजणार नाही, तरी आडनावाची चौकशी का? अडचण हंडीची असेल तर हंडीबद्दल बोला, पोराच्या आजोबांशी तुमचे काय काम? पाणवठ्यावरची जुनी पायरीच लिफ्टने चौथ्या मजल्यावर नेलेली आम्हाला दिसते.

बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीला गेले. नोकरी खुद्द महाराजांची, पण शहरात त्यांना कोणी घर देईना. पारशी नाव सांगून एका पारशी सरायीत राहिले, तर काठ्या घेतलेली टोळी त्यांना बाहेर काढायला आली. त्याला शंभरावर वर्षे झाली. आता काठी कोणी आणत नाही. 'जागा कालच गेली' एवढे म्हटले की काम होते.

कायदा आहे का, असे कोणी विचारील. घटनेचे १५ वे कलम दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेते, भाड्याच्या खोलीचे घेत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. मात्र १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास वा तेथे राहण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. कलम कडक, पण 'जागा गेली' या दोन शब्दांपुढे पुरावा आणायचा कोठून? (जाता जाता एक सांगतो. खोली मिळालीच तर करार लेखी आणि नोंदलेला मागा, अनामतीचा आकडा त्यात घालायला लावा. १९९९ च्या भाडे कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे.)

तिसऱ्या दाराबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण ते दार आपल्या माणसाचे होते. आमच्याच तालुक्यातला, बाप गिरणीत पाळी करून चाळीत दाटीवाटीने झोपलेला, १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेला. लेकाने कष्टाने दोन जागा घेतल्या. भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर. चहा दोन्ही पोरांना दिला, तेही चांगल्या कपात, हे कबूल केले पाहिजे. मग आम्हाला गॅलरीत नेऊन म्हणाला, "पाव्हणं, तुमचं पोरगं आजच सामान घेऊन येऊ द्या. पण त्या दुसऱ्याचं जमायचं नाही. सोसायटीत लोक बोलतात हो."

सोसायटी! आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला जागा भाड्याने देण्यास सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवायचे असते. हे त्यालाही ठाऊक होते, तो स्वतः कमिटीवर आहे. गावी सोवळ्यातल्या लोकांनी ज्याच्या आजाला ओसरीखाली उभे केले, त्याला मुंबईत दोन खोल्या लाभताच दुसऱ्याला ओसरीखाली उभे करावेसे वाटते, आणि वर महाराजांच्या तसबिरीला हारही घालायचा आहे! खेड्यातल्या पोरांना शहरात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती म्हणून महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली. ती तसबीर त्या गॅलरीकडे पाहत होती.

आमच्या मराठ्याच्या पोराने सामान नेले नाही. "दोघांना द्या, नाहीतर राहू द्या," एवढे बोलून तो जिना उतरला. आम्ही वयाने वडील, पण ते शब्द आमच्या तोंडून आधी निघाले नाहीत, याची लाज आम्हाला अजून वाटते.

दोघे हल्ली कॉट बेसिसवर एका खोलीत आठजणांत राहतात आणि सुट्टीच्या दिवशी जागा पाहतात. आमच्या वाचकांपैकी कोणाची ठाणे, मुलुंड, भांडुप या बाजूला खोली रिकामी असेल तर कचेरीकडे कळवावे. दोन जाधव आहेत, पगाराची चिठ्ठी दाखवतील, करार नोंदवून घेतील. रविवारी मटण करतात.