रिकाम्या नदीचा परवाना

आर्क्टिकमधल्या कौटुंबिक फ्लाय फिशिंगच्या जाहिराती वाचल्या की तेच ते शब्द समोर येतात: अस्पर्श निसर्ग, निर्मनुष्य दऱ्या, युरोपातलं शेवटचं रान. सोबत फोटो: मध्यरात्रीचं ऊन, गुडघाभर पाण्यात उभे आईबाबा आणि मूल, हातात ग्रेलिंग मासा. त्या माशाबद्दल किंवा मुलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'निर्मनुष्य' या शब्दाबद्दल. वर्णनाच्या वेषात आलेला तो मालकीचा दावा आहे.

मी स्टॉकहोममध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात ताई, भावजी आणि भाचा आले, तेव्हा आम्हीही उत्तर स्वीडनमध्ये अशीच सहल केली. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला असते, आणि तिला वजन नसल्यामुळे दोरीच्या वजनावर ती लांब फेकायची. सगळं मनगटाचं काम. भाच्याला ते माझ्याआधी जमलं. पण हातातल्या नकाशावर तळ्यांच्या नावांच्या शेवटी 'याव्री' होतं, ओढ्यांच्या 'योह्का', दऱ्यांच्या 'वाग्गी'. उत्तर सामी भाषेत याचे अर्थ तळं, ओढा, दरी असेच आहेत. जिथे माणूसच नव्हता, तिथे ओढ्याओढ्याचं बारसं कोणी केलं?

स्वीडनमध्ये कोणीही रानात हिंडावं, तंबू ठोकावा, बेरी तोडाव्यात. ती मुभा सर्वांना आहे. पण डोंगरातल्या ओढ्यात मासा धरायला परवाना लागतो. माझ्या धंद्यात पहिला प्रश्न असतो की परवानगी कोणाला आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. खरी सत्ता तिथे असते. १९७१च्या कायद्याने रेनडिअर पाळणाऱ्या सामी कुटुंबांच्या संघांना, म्हणजे 'सामेबीं'ना, स्वतः शिकार-मासेमारी करू दिली. दुसऱ्याला परवाना देण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्याकडे ठेवला. घरात तुम्ही राहा, पाहुण्यांना किल्ली आम्ही देऊ, असा तो प्रकार. १९९३मध्ये सरकारने या डोंगरातली छोट्या प्राण्यांची शिकार आणि मासेमारी बाहेरच्यांना सरसकट खुली केली.

येल्लिवारे भागातली गिर्यास ही सामेबी २००९मध्ये याविरुद्ध कोर्टात गेली. २३ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गिर्यासच्या डोंगराळ प्रदेशात हे परवाने देण्याचा अधिकार फक्त गिर्यासचा, आणि त्यासाठी सरकारची संमती नको. आधार कोणता? अनादि काळापासूनची वहिवाट. आपल्या बांधावरच्या भांडणातला शब्द युरोपच्या टोकाला निर्णायक ठरला. निकालानंतर सामींना धमक्या आल्या, रेनडिअर मारले गेले. रिकाम्या प्रदेशावरून कोणी एवढं चिडतं का?

आणि 'अस्पर्श'? स्तूरा शेफालेत १९०९मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. दहाच वर्षांनी, १९१९मध्ये, त्याचा गाभा उद्यानातून वगळून वीजनिर्मितीसाठी सुओर्वाचं धरण बांधायला घेतलं. सामींच्या वस्त्या आणि कुरणं पाण्याखाली गेली. आज त्या पाण्याचाही फोटो निसर्गसौंदर्य म्हणून विकला जातो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की सरकारी परवाना सर्वांना समान असतो, एका समाजाच्या हाती दिला तर मक्तेदारी होईल. गिर्यासचे लोक लोभी निघाले तर? निघतीलही. घरमालकही लोभी निघतात. म्हणून आपण घराचा सातबारा भाडेकरूच्या नावे करत नाही. हक्क सांगण्यासाठी संत असावं लागत नाही. उरलेला आक्षेप मात्र रास्त आहे: बहुतेक सामी कोणत्याच सामेबीचे सभासद नाहीत, त्यांना या निकालाने काही मिळालं नाही. पण त्याचं उत्तर हक्काची व्याप्ती वाढवण्यात आहे, तो परत सरकारकडे देण्यात नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क २००९मध्ये मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला २०११ उजाडलं. हक्काचा कागद आणि परवान्याचं पुस्तक यांच्यामधल्या त्या दोन वर्षांत सगळं राजकारण आहे.

गिर्यासचा निकाल तूर्तास गिर्यासपुरता आहे. स्वीडनमध्ये ५१ सामेबी आहेत. म्हणून सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा: ही नदी कोणाची, आणि परवान्यावर सही कोणाची? 'तिकडे कोणीच राहत नाही' असं उत्तर आलं, तर तो तुम्हाला दुसऱ्याच्या अंगणाचं तिकीट विकतोय. गळ जरूर टाका, पण घरमालकाला विचारून.