तोंडावर सांगायची गोष्ट

शर्टाचे बटण तुटले आहे, दातात कोथिंबीर अडकली आहे, एवढे आपण एकमेकांना सहज सांगतो. तोंडाला वास येतो हे मात्र नवरा-बायकोसुद्धा वर्षानुवर्षे बोलत नाहीत. त्याऐवजी खिशातून वेलची काढायची, बडीशेपेची वाटी पुढे सरकवायची, कदंबच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड फिरवायचे. आणि तो माणूस उतरला की त्याच विषयावर पणजीपर्यंत गप्पा!

माझ्या मते हा सभ्यपणा नव्हे, ही आपली सोय आहे. वेलची दिली तर तो चघळतो आणि 'थँक्यू' म्हणतो. त्याला कळणार कसे? रोजच्या वासाला नाक सरावते, मासळी विकणाऱ्या बाईला मासळीचा वास जाणवत नाही तसे. २०२० साली मास्क आले तेव्हा पुष्कळांना स्वतःच्या श्वासाची पहिल्यांदा ओळख झाली म्हणे.

प्लुटार्कने सिराक्यूजच्या हिएरॉन राजाची गोष्ट सांगितली आहे. तुझ्या तोंडाला घाण येते, असे त्याला एका शत्रूने ऐकवले. राजा घरी येऊन राणीवर उखडला, तू कधी बोलली कशी नाहीस? ती म्हणाली, मला वाटले सगळ्याच पुरुषांना असा वास येतो. शत्रूने सांगावे आणि घरच्यांनी गप्प बसावे, हे अडीच हजार वर्षांनंतरही तसेच चालू आहे.

आमच्या गावच्या काल्याच्या नाटकात शाळेतले एक सर नायक होते. तालमीत प्रेमाचा प्रवेश आला की नायिका दोन पावले मागे सरे. दिग्दर्शकाने अखेर दोघांना खांबाच्या दोन बाजूंना उभे केले, पण कारण सांगितले नाही. सरांना वाटले आपला अभिनयच कमी पडतो. काम सोडतो म्हणू लागले. मग पेटीवाले भाऊ एका रात्री त्यांना तळीकडे घेऊन गेले. "सर, रागार जावं नाकात. तुमच्या तोंडाक वास येता. दांतांच्या दोतोराक एकदां दाखयात." बस्स, एवढेच. सर दोन दिवस तालमीला फिरकले नाहीत. पुढे कळले, हिरड्यांत पू झाला होता आणि दोन दाढा हलत होत्या. नाटक झाले. भाऊंशी सर महिनाभर तुटक वागले, हेही खरे. सांगणाऱ्याने तेवढी तयारी ठेवावीच लागते.

वासाचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, फटीत अडकलेले अन्न. तिथले जिवाणू प्रथिने कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. माउथवॉशने ते तात्पुरते झाकते. (आमच्या आज्या आंब्याच्या पानाने दात घासून त्याच्याच शिरेने जीभ खरवडायच्या. ब्रश आला आणि जीभ राहून गेली.) काही गोळ्यांनी लाळ आटते, त्यानेही वास वाढतो. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ शकतो, तिथे तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. अशा वेळी भिडेपोटी गप्प बसणारा कसला हितचिंतक?

सांगायचे तर एकट्याला गाठून, साध्या शब्दांत. लग्नाच्या पंगतीत नको, निनावी चिठ्ठीने तर नकोच. 'सगळे म्हणतात' हे दोन शब्द कटाक्षाने टाळावेत. वासापेक्षा त्याच शब्दांनी माणूस जास्त खचतो, कारण गावभर चर्चा झाली हे त्याला त्यातून कळते. 'मला जाणवले' म्हणावे आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळावे. साहेबाला शिपायाने सांगावे ही अपेक्षा मात्र चुकीची. तिथे बरोबरीच्या माणसाने पुढे व्हावे.

आणखी एक करता येते. वास आला तर सांग, असे घरातल्या एकाला आधीच बजावून ठेवावे. आमच्याकडे हे खाते धाकट्या मुलीकडे आहे. किसमूर खाऊन मी बाहेर निघालो की ती दारातच अडवते.