गाडीची तारीख कुणाच्या कॅलेंडरवर?

घरातल्या सगळ्या तारखा बाईला पाठ असतात. सिलिंडर कधी लावला, धाकट्याचा डोस कधी आहे, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, दुधाचे खाडे किती झाले... स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे घराची वहीच! पण त्या कॅलेंडरवर दारातल्या गाडीची एकही तारीख नसते. का? तर गाडी म्हणजे ‘ह्यांचं खातं’. आणि ह्यांना विचारावं, तर उत्तर ठरलेलं, ‘‘चालतेय ना व्यवस्थित? मग झालं!’’

माझं भांडण या ‘मग झालं’शी आहे. कारण गाडीत एक वस्तू अशी असते, की ती शेवटच्या क्षणापर्यंत व्यवस्थित चालते आणि बहुतेक वेळा काही न सांगता तुटते. तिचं नाव टायमिंग बेल्ट.

नाव ऐकून दचकू नका. शिलाई मशीनचं खालचं मोठं चाक आणि वरचं छोटं चाक पट्ट्याने जोडलेलं असतं ना, तसाच हाही एक पट्टा. फक्त रबराचा आणि दातेरी. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट फिरतो. खालच्यामुळे पिस्टन वर-खाली होतात, वरच्यामुळे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा ताळमेळ ठेवतो हा पट्टा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडझाप करतो. आता हा पट्टाच तुटला तर? इंजिन जागच्या जागी बंद. आणि बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. मग हेड उघडण्याशिवाय इलाज नाही.

इथेच पैशाचा प्रश्न येतो. लहान गाडीचा पट्टा वेळेवर बदलायचा तर पट्टा, त्याचा टेन्शनर, बेअरिंग आणि मजुरी मिळून काम काही हजारांत होतं. तुटल्यावर तेच बिल अनेक पटींनी वाढतं, आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये पडून राहते ती वेगळीच. विमा आहे म्हणाल, तर साध्या वाहन विम्यात झीज किंवा यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. तेव्हा हा पैसा जातो तो घरातूनच. मुलीच्या क्लासच्या फीमधून, नाहीतर तुमच्या भिशीतून!

उलट हिशेब करून बघा. समजा, वेळेवर बदलायला ६ हजार रुपये लागले आणि पट्टा ५ वर्षं टिकला. म्हणजे महिन्याला १०० रुपये झाले. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, दसऱ्याचं पॉलिश यावर आपण याहून जास्त घालवतो, कारण ते चार लोकांना दिसतं. पट्टा कव्हरच्या आत असतो. तो कुणाला दिसणार?

आता मुद्दा वेळेचा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हा पट्टा ६० हजार ते १ लाख किलोमीटरला बदला असं असतं. काहींत त्याहून जास्त. पण बहुतेकदा त्याच ओळीत पुढे ‘किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते’ असंही असतं, आणि ते कुणी वाचत नाही. आपल्यासारख्या छोट्या गावातली गाडी चालते ती किती? शाळा, बाजार, लग्नकार्य, उन्हाळ्यात माहेर. दहा वर्षांतही ६० हजार होत नाहीत. म्हणून सगळे निवांत! पण रबर काही फक्त फिरल्याने झिजत नाही. उष्णतेनं, वयानं ते कडक होतं, त्याला भेगा पडतात. आत तेल गळत असेल तर आणखी लवकर खराब होतं. गॅसची सुरक्षा नळी आपण दर ५ वर्षांनी बदलतोच ना? गळायला लागल्यावर बघू, असं नाही म्हणत. मग गाडीच्या रबराला वेगळा न्याय का?

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढताना, संध्याकाळच्या वेळी, मागच्या सीटवर मुलं असताना इंजिन बंद पडलं तर? पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद एक-दोन दाबांनंतर कमी होते. तिथे ‘ह्यांचं खातं’ काय कामाचं?

कुणी म्हणेल, म्हणजे आणखी एक काम बाईच्याच डोक्यावर! रास्त आहे. पण मी काम वाढवा म्हणत नाही. गॅरेजला गाडी नेऊ दे की ह्यांनी, नाहीतर मुलाने. मला म्हणायचंय ते एवढंच, की तारीख आपल्याला माहीत हवी. ज्याला तारीख माहीत असते, त्याचं म्हणणं खर्चाच्या वेळी ऐकलं जातं. आज कितीतरी घरांत गाडीचा हप्ता शिक्षिकेच्या किंवा नर्सच्या पगारातून जातो, आणि गॅरेजवाला तिलाच सांगतो, ‘‘मॅडम, साहेबांना पाठवा.’’ साहेबांना कशाला? प्रश्न चारच आहेत, ते आपणच विचारू या.

पहिला, आमच्या गाडीला पट्टा आहे की चेन? सगळ्या गाड्यांना पट्टा नसतो. जुनी मारुती ८००, सँट्रो, इंडिका, डिझेल डस्टर यांना पट्टा. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला चेन, तिला असं ठरावीक मुदतीला बदलावं लागत नाही. दुसरा, पट्टा शेवटचा कधी बदलला, किती किलोमीटरला? बिल दाखवा म्हणावं. बिलावर ‘फॅन बेल्ट’ लिहिलं असेल तर तो वेगळा, बाहेरचा पट्टा. त्यावर समाधान मानू नका. तिसरा, टेन्शनरही बदलणार ना? वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचं काय? उघडण्याची मजुरी एकदाच पडते, म्हणून हे सोबतच केलेलं बरं. चौथा, नवा पट्टा ओरिजिनल आहे का? डबा बघून घ्या.

गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि पट्टा बदलल्याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि गाडीच्या किमतीतच हा खर्च मिळवा. चालती गाडी अचानक बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नका. त्याने नुकसान वाढू शकतं. सरळ ओढून न्या.

मैत्रिणींनो, आज दुपारी गाडीचं पुस्तक शोधा. कपाटात, पॉलिसीच्या फाईलखाली असेल. ती ओळ वाचा, मीटरवरचा आकडा बघा, आणि जी तारीख निघेल ती लाल पेनाने कॅलेंडरवर लिहा. पुढच्या वर्षीची निघाली, तर आजपासून महिन्याला थोडे पैसे बाजूला काढा. मागच्या वर्षीची निघाली, तर ह्यांना चहा देतानाच सांगा!