अळंबीसारखी उगवलेली माणसं

भावाकडे वडिलांच्या जमिनीतला वाटा मागितला, की बाई स्वार्थी. पगारातले चार पैसे स्वतःच्या नावावर टाकले, तरी स्वार्थी. आणि गंमत बघा, ज्या अर्थशास्त्रावर जगाचा बाजार चालतो, त्यात ‘माणूस स्वतःचं हित बघतो’ हे गृहीतच धरलेलं असतं. तिथं तो दुर्गुण नाही, शहाणपण आहे! अशी दोन मापं आली कुठून?

इंग्लंडात यादवी पेटली त्याच वर्षी, १६४२ मध्ये, थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञानं एका ग्रंथात कल्पना मांडली. समजा, माणसं जमिनीतून अळंबीसारखी उगवली; एकदम वाढलेली, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. ती राज्य का उभारतील? स्वतःच्या जिवासाठी, स्वतःच्या हितासाठी. कल्पना जबरदस्त होती. राजाची सत्ता आकाशातून न येता माणसांच्या करारातून आली, असं त्यातून निघत होतं. पण मला मात्र वाचताना पहिला प्रश्न पडला, अहो, यांना नऊ महिने पोटात वाढवलं कुणी? (मुलावर मुळातला अधिकार आईचा, असं हॉब्ज त्याच ग्रंथात म्हणतो. पण पुढच्यांच्या लक्षात राहिली ती अळंबीच.)

मग १७१४ मध्ये लंडनच्या बर्नार्ड मँडेव्हिल या डॉक्टरनं मधमाश्यांच्या गोष्टीतून सांगितलं, की पोळं भरभराटतं ते माश्यांच्या हव्यासामुळे. सगळ्या सज्जन झाल्या तर धंदे बसतील. लोक भयंकर संतापले.

स्कॉटलंडच्या अॅडम स्मिथनं तेच जरा सौम्य केलं. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो म्हणतो, की आपलं जेवण खाटीक आणि पाववाला यांच्या दयेमुळे नव्हे, त्यांच्या फायद्याच्या हिशेबामुळे मिळतं. खरंच आहे. आपला किराणावालाही काही धर्मादाय उघडून बसलेला नाही. पण खाटकानं मटण दिलं म्हणजे जेवण झालं का? स्मिथनं लग्न केलं नाही. ग्रंथाचं बरंचसं काम त्यानं किरकॉल्डीला आईच्या, मार्गारेट डग्लसच्या, घरी बसून केलं. घर बघायला जेनेट डग्लस ही नात्यातली बहीणही होती. चूल त्यांनी स्वतः फुंकली की नोकरांनी ते सोडा, घर त्या चालवत होत्या. आणि हे काही फायद्याच्या हिशेबानं चाललं नव्हतं. मार्गारेटबाई १७८४ मध्ये गेल्या. त्या ग्रंथातल्या जेवणाच्या हिशेबात त्या कुठंच नाहीत.

तरी एकट्या स्मिथवर खापर फोडणं बरं नाही. त्याच्या १७५९ च्या पुस्तकाची सुरुवातच दुसऱ्याच्या सुखदुःखाशी माणूस कसा जोडलेला असतो, यापासून होते. जॉन स्टुअर्ट मिलनं १८३६ मध्ये अर्थशास्त्रापुरता संपत्तीमागे धावणारा माणूस गृहीत धरला, पण खरा माणूस असा नसतो हेही बजावलं. पुढं बजावणी गळाली आणि गृहीत तेवढं पाठ्यपुस्तकात बसलं.

परिणाम? पिगू या अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्येच दाखवून दिलं होतं, की एखाद्यानं घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केलं तर राष्ट्राचं उत्पन्न घटतं! काम तेच, पगार बंद. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची ९७.

म्हणून काय स्वतःचं हित बघणारी ‘व्यक्ती’ ही कल्पनाच फेकून द्यायची? मला नाही पटत. आपल्याला उलट तीच हवी आहे. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला, तो कुणाची बायको म्हणून नव्हे. आणि तरीही हक्कसोडपत्राचा कागद पुढं आला की आपण ‘माहेर तुटेल’ म्हणत सही करून मोकळ्या होतो. भावाला मात्र त्या कागदाचा फायदा घेताना स्वार्थी कुणी म्हणत नाही.